वडीलधाऱ्यांची तालीम

जपानचा प्रवास म्हटला म्हणजे फुजी पर्वताचे शिखर, चेरीचा बहर, क्योतोची मंदिरे आणि घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या आगगाड्या यांचे वर्णन ओघानेच येणार, अशी वाचकांची अपेक्षा असावयाची. यांपैकी पुष्कळसे आम्हीही पाहिले. परंतु त्याविषयी आजवर इतक्या प्रवाशांनी इतके लिहून ठेवले आहे की, त्यात आमची भर घालण्याचे प्रयोजन दिसत नाही. आम्ही ज्या स्थळाविषयी लिहिणार आहोत, ते पाहण्यास कोणी प्रवासी मुद्दाम जात नाही. शिकोकू बेटावरील कोची नावाच्या शहरात एका वस्तीचे लहानसे सभागृह आहे. तेथे एका गुरुवारी सकाळी पंधरा-सोळा वृद्ध माणसे खुर्च्यांवर बसून पाय वरखाली करीत होती. एवढे पाहण्यासाठी समुद्र ओलांडावयास हवा होता काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आम्हांस तरी ओलांडावा लागला. कारण आमच्याच घरातील एक गोष्ट आम्हांस घरात बसून दिसत नव्हती.

ती गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. पुण्यातील आमचे घर मोठे आहे. तीन भावांचा संसार एका इमारतीत, एकाच स्वयंपाकघरावर चालतो, आणि घरात वडील माणूस म्हणून आमच्या काकू आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली; डॉक्टरांनी “यांना चालते ठेवा” असे निक्षून सांगितले. पण आम्ही काय केले? आम्ही सर्वांनी मिळून त्यांची सेवा आरंभिली. पाणी हातात, ताट पलंगावर, औषध वेळेवर. त्या उठू लागल्या की चार हात पुढे होत आणि चार तोंडांतून एकदम “काकू, तुम्ही बसा” असे निघे. मटार सोलावयाचे त्यांनी मागितले, तर सुनांनी प्रेमानेच ते ताट उचलून नेले. या रीतीने दोन वर्षांत काकूंचे जग पलंगापासून खिडकीपर्यंत उरले. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, “मला औषधासाठी दिवसातून चारदा हाक मारता रे; पण कामासाठी कोणी मारीत नाही.” आम्ही हसून ते वाक्य सोडून दिले. ज्या घरात चौदा माणसे आहेत, त्या घरात म्हातारे माणूस एकटे कसे असेल, अशी आमची पक्की समजूत होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तोक्योस गेलो. आमचा पुतण्या तेथे संगणकाच्या कामावर आहे आणि निशी-कासाई या भागात राहतो. सन २००० च्या सुमारास हिंदी संगणक-अभियंते तोक्योत येऊ लागले, तेव्हापासून या भागात आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. दुकानात तूरडाळ मिळते आणि जिन्यात मराठी बोललेले कानी पडते. परदेशी पहिल्या रात्री झोप लागत नाही, त्याप्रमाणे आम्ही पहाटेच जागे झालो आणि जवळच्या उद्यानात फिरावयास गेलो. साडेसहाच्या ठोक्याला कोठूनशी पियानोची सुरावट ऐकू आली, आणि पाहतो तो वाटेवरचे लोक जागच्या जागी थांबून, एकमेकांपासून हाताचे अंतर ठेवून उभे राहिले. लाकडी बाकावर एक लहानसा रेडिओ ठेवलेला होता. त्यातील आवाज सांगे त्याप्रमाणे सर्व जण हात उचलीत, वाकत, वळत आणि हलकेच उड्या मारीत. बहुतेकांचे केस पांढरे होते. दहा मिनिटांत कार्यक्रम संपला. मंडळी एकमेकांस लवून नमस्कार करून पांगली.

पुतण्याने मग त्याची हकीकत सांगितली. यास ‘राजिओ ताइसो’, म्हणजे रेडिओवरील कवायत, असे म्हणतात. तिचा आरंभ १ नोव्हेंबर १९२८ रोजी झाला. कल्पना मूळची अमेरिकेतील एका विमा कंपनीची. जपानात ती टपालखात्याच्या विमा विभागाने उचलली. विमेदार जितका अधिक जगेल तितका विमेकऱ्याचा लाभ, हा व्यवहार त्यात उघडच आहे. युद्धकाळात याच कवायतीचा उपयोग प्रजेस एका शिस्तीत जखडण्याकडे झाला, म्हणून १९४५ च्या पराभवानंतर ती काही काळ बंद पडली आणि १९५१ साली नव्या रूपाने पुन्हा सुरू झाली. आज जी पहिली मालिका ऐकू येते ती त्या वर्षीची. तीत तेरा हालचाली असून तिला सुमारे तीन मिनिटे लागतात. १९९९ साली तिच्या जोडीस आणखी एक मालिका आली. ती वृद्धांस व अपंगांस खुर्चीवर बसूनही करता येते. एकच कवायत हुकमाने केली तर ती पलटण होते, आणि शेजाऱ्यांनी आपखुशीने केली तर तिचे मंडळ बनते, हा भेद आम्हांस येथे प्रथम जाणवला.

आमचे कुतूहल पाहून पुतण्या म्हणाला, “काका, एवढ्याने भागत नाही. माझ्या कचेरीतील एका मित्राची आई कोचीला असते. तिकडे म्हाताऱ्यांचा खराखुरा वर्ग भरतो. आपण जाऊ.” सौभाग्यवतींस क्योतो पाहावयाचे होते, पण ते परतीच्या वाटेवर ठरवून आम्ही तिघेही निघालो.

केरळातील कोचीशी या कोचीचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाही. शिनकान्सेन गाडीने तोक्योहून ओकायामा गाठावयास सव्वातीन तास लागले. तेथून ‘नानपू’ नावाच्या गाडीत बसलो. या नावाचा अर्थ दक्षिणेचा वारा. थोड्याच वेळात गाडी १९८८ साली खुल्या झालेल्या सेतो महासेतूवर चढली. बेटांवरून उड्या घेत गेलेला हा सेतू समुद्रावर नऊ किलोमीटरांहून अधिक लांब आहे. वरून मोटारी जातात, खालून आगगाड्या. खिडकीखाली अंतर्गत समुद्राचे निळे पाणी आणि त्यावर सुपारीएवढ्या दिसणाऱ्या नावा. पुढे शिकोकूचे डोंगर लागले. योशिनो नदीची ओबोके नावाची घळ, हिरवे पाणी, पांढरे खडक आणि बोगद्यामागून बोगदे पाहून आम्हांस आपल्या घाटांची आठवण झाली. अडीच तासांनी गाडी कोचीस पोहोचली.

शहर लहान, पण प्रसन्न आहे. जुन्या ट्रॅमगाड्या रस्त्याच्या मधून खडखडत जातात. टेकडीवर सतराव्या शतकातील किल्ला आहे. १७२७ साली तो जळाला आणि १७४९ साली त्याचा मुख्य मनोरा पुन्हा उभा राहिला. किल्ल्याच्या दरवाजापासून निघणाऱ्या हमरस्त्यावर दर रविवारी सुमारे एक किलोमीटर लांब बाजार भरतो आणि तो तीनशे वर्षांहून अधिक काळ भरत आला आहे. आले, युझू नावाचे सुगंधी लिंबू, रताळ्याची भजी, कोयते आणि फुले यांची ही पेठ पाहताना आमच्या ध्यानात आले की, विकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक म्हाताऱ्या आहेत. कोची प्रांतात एकतृतीयांशाहून अधिक लोक पासष्ट वर्षांच्या पुढचे आहेत; सबंध जपानात हे प्रमाण २०२४ साली शेकडा २९ हून थोडे अधिक होते. तरुण माणसे पोटापाण्यासाठी ओसाका-तोक्योस जातात आणि आईबाप मागे राहतात. आपल्या कोकणातील वाचकांस हे चित्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुतण्याच्या मित्राच्या आईस आम्ही आजीबाईच म्हणू. वय पंच्याऐंशी, पाठीस किंचित बाक, डोळे विलक्षण तेजस्वी. नवरा वारलेला आणि मुलगा तोक्योस, त्यामुळे घरात त्या एकट्या. त्यांनी आम्हांस चहा दिला आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहून म्हटले, “चला, उशीर झाला तर माझी चौकशी सुरू होईल.” पुतण्याने भाषांतर केले तेव्हा आम्हांस वाटले, वर्ग शिस्तीचा असावा, उशिरा येणाऱ्यास दंड होत असावा. तिचा खरा अर्थ पुढे कळला.

सभागृह म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान मंगलकार्यालयाची खोली समजावी. पादत्राणे बाहेर काढून आत गेलो. आजीबाईंनी वहीत आपल्या नावापुढे खूण केली, एका पेटीतून कापडी पट्टे घेतले आणि आपल्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. या पट्ट्यांत लहान लहान वजनाच्या कांड्या घालण्याचे खिसे असतात. कांड्या कमीअधिक करून वजन दहा टप्प्यांनी वाढविता येते आणि ते २.२ किलोग्रॅमपर्यंत नेता येते. पट्टा मनगटास अथवा घोट्यास बांधावयाचा. नवखा माणूस रिकाम्या हातापायांनीच आरंभ करतो. आजीबाईंच्या पट्ट्यांत किती कांड्या आहेत ते सौभाग्यवतींनी मोजून पाहिले आणि त्या चकित होऊन आमच्याकडे पाहू लागल्या.

या व्यायामाचे नाव ‘इकिइकि ह्याकुसाई ताइसो’. इकिइकि म्हणजे टवटवीत, ह्याकुसाई म्हणजे शंभर वर्षांचे वय, आणि ताइसो म्हणजे कवायत. तेव्हा ‘टवटवीत शतायुषींची कवायत’ असा त्याचा अर्थ करता येईल. अमेरिकेतील राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने सुचविलेल्या व्यायामांच्या आधारे कोची शहराने तो २००२ साली तयार केला आणि तेथून तो जपानभर पसरला. समोर पडद्यावर चित्रफीत लावलेली असते. तिच्याबरोबर सर्व जण मोठ्याने आकडे मोजतात. चार आकड्यांत हात वर जातो आणि पुढच्या चार आकड्यांत तो तितक्याच सावकाश खाली येतो. मोठ्याने मोजण्यात मर्म आहे. बोलणारा माणूस श्वास कोंडून धरू शकत नाही, आणि श्वास कोंडला म्हणजे रक्ताचा दाब वाढतो. हात पुढे उचलणे, बाजूस उचलणे, बसल्या जागी गुडघा सरळ करणे, खुर्चीची पाठ धरून पाय मागे व बाजूस नेणे, इतके साधे हे प्रकार आहेत. त्या सर्वांत आम्हांस महत्त्वाचा वाटला तो खुर्चीवरून आठ आकड्यांत उठून पुन्हा बसण्याचा. अर्ध्या-पाऊण तासात सर्व आटोपते. त्यानंतर ओठ, जीभ आणि गाल यांचाही एक व्यायाम होतो, कारण वृद्धपणी नीट चावणे आणि न ठसकता गिळणे यांसही बळ लागते. पंधरा वृद्ध माणसे गंभीरपणे गाल फुगवून जीभ बाहेर काढीत आहेत, हे दृश्य पाहून आम्हांस हसू आवरेना. आणि ती मंडळीही आमच्याबरोबर मोकळेपणाने हसली.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. स्नायू न वापरल्यास झिजतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वृद्धपणी ही झीज किती वेगाने होते आणि व्यायामाने किती भरून येते, याची कल्पना पुष्कळांस नसते. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा जणांस आठ आठवडे वजनाचे व्यायाम देण्यात आले. नऊ जणांनी तो क्रम पुरा केला, आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरीने पूर्वीच्या अडीचपटींहून अधिक झाले. नव्वदाव्या वर्षी हे घडते, तर सत्तराव्या वर्षी “आता काय उरले” म्हणणे कितपत योग्य? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि बळ वाढविणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. उलटपक्षी, जो पडतो तो भितो, भितो तो हालचाल कमी करतो, त्यामुळे पाय दुबळे होतात आणि दुबळ्या पायांचा माणूस पुन्हा पडतो. हे रहाटगाडगे आमच्याच घरात फिरत होते आणि आम्ही सर्व जण प्रेमाने त्यास हात लावीत होतो.

आरंभी आम्हांस वाटले होते की, हा वर्ग सरकार चालविते. तसे नाही. जपानात २००० साली शुश्रूषा-विम्याचा कायदा अमलात आला. चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरावयाची आणि वृद्धपणी परावलंबन आले म्हणजे त्यातून साहाय्य मिळावयाचे, अशी त्याची योजना आहे. परंतु वृद्धांची संख्या वाढत चालली, तेव्हा परावलंबन येऊ न देण्याकडे लक्ष देणे प्राप्त झाले. कोचीत शहराचे खाते पट्टे देते आणि पहिल्या काही बैठकींस जाणता मार्गदर्शक पाठविते. पुढे खुर्च्या मांडणे, वही ठेवणे, चित्रफीत लावणे, नवख्यास शिकविणे हे सारे वस्तीतील वृद्धच करतात. एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ खुर्च्या लावण्याचे काम इतक्या अभिमानाने करीत होते की, पुतण्या मदतीस सरसावला तेव्हा त्यांनी त्यास नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. आमच्या डोळ्यांपुढे मटारांचे ताट उभे राहिले.

वर्गानंतर बिनदुधाचा चहा झाला. सौभाग्यवतींनी आजीबाईंस विचारले, “या व्यायामाने तुमचे गुडघे दुखावयाचे थांबले का?”

आजीबाई म्हणाल्या, “गुडघे दुखतातच. पण पूर्वी घरात बसून दुखत, आता येथे येऊन दुखतात.” मग जरा थांबून त्यांनी सांगितले, “गेल्या हिवाळ्यात मला ताप आला होता. मी आले नाही. वर्ग सुटण्यापूर्वीच दाराची घंटा वाजली. शेजारच्या खुर्चीवर बसणारी बाई पाहावयास आली होती.” उशिराच्या चौकशीचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला.

त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि मागोमाग समुद्र आत आला. आजीबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. आईने त्यांस पाठीवर घेऊन अंधारात उंचवट्याकडे धाव घेतली. तसा भूकंप या भागात पुन्हा होणार, असे शास्त्रज्ञ सांगतात. २०१२ सालच्या सरकारी अंदाजात याच प्रांतातील एका गावी लाट सुमारे ३४ मीटर उंच येऊ शकेल असे म्हटले आहे. म्हणून किनाऱ्यालगत आश्रयासाठी उंच मनोरे बांधलेले आहेत; धोक्याची सूचना होताच जिने चढून वर जावयाचे. आजीबाई म्हणाल्या, “तेव्हा मी आईच्या पाठीवर होते. आता मला कोण पाठीवर घेणार? ज्यांना घेता येईल ती पोरे तोक्योस आहेत. तो जिना माझा मला चढला पाहिजे.” आठ आकड्यांत खुर्चीवरून उठण्याचा तो साधा प्रकार कशासाठी होता, हे मग निराळे सांगावे लागले नाही. आणि जिना चढता आला नाही, तर कोणत्या घरात कोण मागे राहिले आहे, हे त्या वहीवरून आणि त्या खुर्च्यांवरून वस्तीस ठाऊक होते.

जपानात शंभरी गाठणाऱ्यांस सरकारतर्फे चांदीचा पेला देण्याची प्रथा १९६३ साली पडली. त्या वर्षी देशात शतायुषी अवघे १५३ होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते ९५,११९ झाले. संख्या इतकी वाढली की, २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी चांदीचा मुलामा दिलेला पेला देऊ लागले. आजीबाईंच्या वर्गात या पेल्याची गोष्ट निघाली तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पेला कपाटात राहतो. मला ही खुर्ची पुरे.” मानसन्मान आणि सहभाग या दोन वस्तू निराळ्या आहेत, आम्ही काकूंस पहिली भरपूर दिली होती आणि दुसरी काढून घेतली होती.

परतीच्या वाटेवर, ठरल्याप्रमाणे, क्योतो पाहिले. मंदिरे खरोखर सुंदर आहेत; पण आमचे चित्त पुण्यात होते.

आता कोणी म्हणेल, हे जपानी खूळ आपल्याकडे कशास हवे? आपल्या मुलखात या गोष्टीची उणीव नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हयातभर केला. मुंबईच्या एका बागेत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांनिशी हास्यमंडळ सुरू केले, आणि आता गावोगावच्या बागांत पहाटे हशा ऐकू येतो. भजनी मंडळे तर घरोघरच्या बायकांस ठाऊकच आहेत. हे सर्व खरे. परंतु आपल्या तालमी तरुणांसाठी, बागेतील मंडळे ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांच्यासाठी. आणि पहाटेच्या वेळी घरच्या बायकांस स्वयंपाकघर सोडता येत नाही. जी म्हातारी पलंगावर बसून आहे, तिला जिना उतरण्यास कारण पुरविणारे असे आपल्याकडे थोडेच आहे. २०११ च्या शिरगणतीत आपल्या देशात साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती; तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दर गुरुवारी दुपारी चार वाजता असा वर्ग सुरू केला. दुपारचे चार अशासाठी की, त्या वेळी चूल थंड असते. बिनहातांच्या भक्कम खुर्च्या भिंतीस टेकवून ठेवल्या. वजनाचे पट्टे पुढे आणू असे ठरवून आरंभ रिकाम्या हातांनी केला. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांस विचारून यावे, छातीत दुखल्यास अथवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे, असा नियम केला. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिले चार गुरुवार येऊन सर्वांस नीट दाखविले.

पहिल्या दिवशी अकरा जण आले. काकू आल्या नाहीत. “या वयात पाय उडवायला मी काय नाटकातली आहे?” असे त्यांनी विचारले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गुरुवारीही तसेच झाले. त्यांची समजूत घालण्याचे आमचे सर्व प्रयत्न व्यर्थ गेले, आणि ते योग्यच झाले. कारण तोही आमच्या सेवेचाच एक प्रकार होता. शेवटी सौभाग्यवतींस युक्ती सुचली. घरातील तीन पिढ्यांचे पाढे काकूंनी पाठ करून घेतलेले आहेत. आजही त्यांचा निमकीचा पाढा एका दमात होतो. सौभाग्यवती त्यांस म्हणाल्या, “काकू, खाली आकडे मोजावयास कोणी नाही. सगळे आपापल्या चालीने मोजतात, त्यामुळे घोटाळा होतो. तुम्ही येऊन मोजाल का?”

काकूंनी क्षणभर पाहिले. मग म्हणाल्या, “काठी कुठे आहे माझी?”

दोन सुनांच्या आधाराने त्या जिना उतरल्या. दोन वर्षांत प्रथमच. खुर्चीवर ताठ बसून त्यांनी मोजण्यास आरंभ केला, आणि कोणी घाई करताच “पुन्हा एकपासून” असा हुकूम सोडू लागल्या. तीन-चार आठवडे त्या केवळ मोजीतच होत्या. पुढे एका गुरुवारी, कोणी काही न सांगता, मोजता मोजता त्यांचाही पाय वर जाऊ लागल्याचे आम्ही पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखविले.

सर्व काही जुळले असे सांगून वाचकांची फसवणूक करण्याची आमची इच्छा नाही. अकरांपैकी चौघांनी वर्ग सोडला. एकांस रक्तदाबामुळे काही दिवस थांबावे लागले. काकूंच्या खुब्यात अजून थंडीच्या दिवसांत कळ येते आणि काठी सुटलेली नाही. परंतु जिना त्या आता एका हाताने कठडा धरून स्वतः उतरतात, आणि मटारांचे ताट त्यांच्यापुढून उचलण्याची छाती घरात कोणाची होत नाही.

गेल्या पावसाळ्यातील एक गुरुवार. आम्ही माडीवर वर्तमानपत्र वाचीत पडलो होतो. बाहेर धारा कोसळत होत्या, तेव्हा आज कोण येणार, असे आम्ही मनाशी धरले होते. चार वाजून पाच मिनिटांनी नातू धापा टाकीत वर आला आणि दारातूनच म्हणाला, “आजोबा, काकूपणजी विचारतायत, तुमची खुर्ची रिकामी का? बरं नाही का तुम्हाला?”

आम्ही वर्तमानपत्र बाजूस ठेवले आणि खाली गेलो.